तातडीची रांग

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

डॉक्टरांनी आज नवीन मुलीला माझ्या समोरचं टेबल दिलं. खिडकीजवळचं रिकामं होतं, मागचंही होतं. पण तिनेच समोरचं मागून घेतलं. म्हणाली, "सरांच्या जवळ बसते. मला जुनं सगळं नीट समजून घ्यायचंय."

जुनं म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम. डॉक्टर संगमेश यांनी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत ही रक्त तपासायची लॅब काढली त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हापासून इथला प्रत्येक रिपोर्ट माझ्या प्रोग्राममधून बाहेर पडलाय. आता तालुक्यांत आपली अकरा सेंटरं आहेत, तिथून रोज डब्यांतून सँपल येतात आणि दुपारनंतर प्रोग्राम अडकतो, हे मलाही माहीत आहे. थोडी डागडुजी केली असती तर भागलं असतं. पण डॉक्टरांनी पुण्यातून मुलगी आणली.

नाव पूनम. वय सव्वीस. घरची मेंढरं आहेत, सांगोल्याकडची. पुण्यातली चांगली नोकरी सोडून सोलापूरला का आलीस, असं विचारलं. म्हणाली, "वडिलांच्यानं आता कळपामागं फिरवत नाही सर. जवळ असावं वाटलं." एवढ्यासाठी कोण नोकरी सोडतं?

डॉक्टर मला म्हणाले, "रावजी, दोन महिन्यांत हे शिकून घ्या. ती शिकवेल." दोन महिन्यांनंतर काय, ते बोलले नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिला तास झाला. तिने पांढऱ्या फळ्यावर चौकोन आणि बाण काढले.

"तुमचा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी विचारतो, कुठला रिपोर्ट तयार झाला का. आता कुणी विचारायचंच नाही. सँपल तपासून झालं की मशीन फक्त जाहीर करेल, झालं म्हणून. तो मेसेज क्लाउडवरच्या रांगेत जाऊन पडेल. ज्याला पाहिजे तो उचलेल."

जिवाला धोका असलेल्या रिपोर्टांसाठी तिने वेगळी रांग केली आहे. पोटॅशियम फार वाढलं, हिमोग्लोबिन फार खाली गेलं, असे. त्या रांगेवर तिचा एक प्रोग्राम बसलेला असतो. मेसेज आला की तो उचलतो आणि पेशंटच्या डॉक्टरांच्या फोनवर धाडतो.

"आणि सर, रांगेतला मेसेज एकालाच मिळतो. त्याने घेतला, पोच दिली, की तो रांगेतून गेला."

मी मान हलवली. वीस वर्षं मी डेटाबेस सांभाळतोय. एखादी नोंद शंभर जणांनी वाचली तरी जागची हलत नाही. क्लाउडवाल्यांनी जुन्याच गोष्टींना नवी नावं दिलेली दिसतात.

"काही शंका सर?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. माझ्याबद्दल असणार. दुसरं काय असेल?

८ फेब्रुवारी, शनिवार

सोमवारपासून तातडीची रांग चालू होणार. आतापर्यंत असा रिपोर्ट आला की काउंटरवरच्या बाई त्या डॉक्टरांना फोन करायच्या. ते बंद करायचं की नाही यावर आज बोलणं झालं.

पूनम म्हणाली, "महिनाभर दोन्ही चालू ठेवू. मेसेज पण जाईल, फोन पण जाईल."

काउंटरवरच्या बाईंना फोनचा कंटाळा आहे, त्यामुळे डॉक्टरांचा कल बंद करण्याकडे होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, बंदच करू. व्यवस्था चांगली असेल तर तिला टेकू कशाला?

पूनमचा चेहरा उतरला. स्वतःच्या कामावर तिचाच भरवसा नाही, हे डॉक्टरांनीही बघितलं असेल. घरी बायकोला, सिद्धेश्वरीला, सांगितलं. ती शाळेत शिक्षिका आहे, तिला प्रत्येक ठिकाणी वर्गच दिसतो. म्हणाली, "अहो, पण ती सावधपणेच सांगत होती की."

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी स्वतः केलं. कुणाच्या मदतीशिवाय.

शिकायचं तर सरावासाठी वेगळी रांग लागते आणि ती पूनमकडून मागून घ्यावी लागते. मागितली की मी कुठे अडलोय ते तिला कळणार आणि वहीत जाणार. म्हणून मागितली नाही. सर्व्हरचा पासवर्ड माझ्याकडे आहे. तिच्या प्रोग्रामच्या फाइलमधून तातडीच्या रांगेचं नाव आणि तिच्यात शिरायची गुप्त किल्ली उतरवून घेतली. नेटवर एक नमुन्याचा प्रोग्राम मिळाला, त्यात ती घातली आणि चालवला.

पंधरावीस मिनिटं पडदा काळाच राहिला. मग आपोआप एक ओळ उमटली. पेशंट नंबर, सेंटर बार्शी, हिमोग्लोबिन ४.२. अंगावर काटा आला. मी काही विचारलं नव्हतं, मेसेज स्वतःहून चालत आला होता. एकोणपन्नासाव्या वर्षी हे जमलं.

मी काही बदलत नाही, फक्त वाचतो. वाचल्याने कुणाचं काय जातं? पडद्यावरची ती खिडकी खाली करून ठेवली आणि प्रोग्राम चालूच ठेवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बार्शीच्या एका डॉक्टरांचा फोन आला. परवाचा हिमोग्लोबिनचा तातडीचा रिपोर्ट त्यांना मिळालाच नाही, पेशंट संध्याकाळी स्वतः कागद घेऊन गेला तेव्हा समजलं. पेशंट ठीक आहे. पूनमने सकाळपासून चहाही घेतला नाही.

दुपारी माझ्या टेबलाशी आली. "सर, तुमच्या मशीनवर त्या रांगेला जोडलेलं काही चालू आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

मी काय शिकतो, कसं शिकतो, ही चौकशी हिला कशाला? जाताना तिने माझ्या मशीनवरच्या चिठ्ठीचा, ज्यावर मशीनचा नंबर असतो, फोटो काढला. मी बघतोय हे तिला दिसलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तीन तक्रारी. डॉक्टरांनी केबिनचं दार लावून तिला बराच वेळ आत बसवलं होतं.

बाहेर आल्यावर तिने मला फळ्याजवळ बोलावलं. म्हणाली, "पोच न मिळालेला मेसेज आपण एका बाजूच्या रांगेत टाकतो. तिथे एकही नाही. म्हणजे कुणीतरी मेसेज घेतंय आणि पोच देतंय. पण माझ्या प्रोग्रामच्या नोंदीत ते मेसेज आलेलेच नाहीत."

नोंदी ठेवणारा प्रोग्राम तिचा. तो म्हणतो आले नाहीत. मग झालं. चुकीच्या कामाचा पुरावा स्वतःच लिहायचा, स्वतःच दाखवायचा.

"सर, परत एकदा विचारते, राग मानू नका. सरावाचं काही चालू राहिलंय का?"

मी म्हणालो, "एकदा सांगितलं ना, नाही म्हणून."

माझा प्रोग्राम छान चालतोय. आजही पडद्यावर तीन ओळी आल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी रजा टाकून अक्कलकोटकडे गावी गेलो होतो. शुक्रवारी निघताना मशीन बंद केलं होतं. आज आल्या आल्या माझा प्रोग्राम परत चालू केला आणि काउंटरवर विचारलं. शनिवारी सात तातडीचे रिपोर्ट होते, सातही पोहोचले. एकही तक्रार नाही.

मी नसतो तेव्हा सगळं सुरळीत चालतं. मी असलो की बिघडतं. याचा अर्थ काय घ्यायचा? माझ्यासमोर बिघाड झाला तर बोट जुन्या सर्व्हरकडे दाखवता येतं, माझ्याकडे दाखवता येतं. मी नसताना ते करून काय उपयोग? सिद्धेश्वरीला हे सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली. "तुम्ही तिला सरळ विचारत का नाही, काय होतंय म्हणून?"

विचारलं की ती सावध होईल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पूनम जिन्यात फोनवर बोलत होती. मी वर होतो. शेवटचं तेवढं ऐकू आलं. "त्यांना अजून महिनाभर तरी द्या डॉक्टर. मग बघा."

महिनाभर. म्हणजे मुदत ठरली. मला डॉक्टरांकडून कळायला हवं होतं ते मला जिन्यात कळलं.

आज दोन तक्रारी. आता मी तारखा आणि वेळा लिहून ठेवतोय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल शिवजयंतीची सुट्टी होती. लॅब अर्धा दिवस चालू होती, मी गेलो नाही, माझं मशीन आदल्या संध्याकाळीच बंद केलं होतं. कालही तक्रार नाही. वहीत लिहून ठेवलं.

आज दुपारी पावणेदोनला पडद्यावर नावासकट मेसेज आला. इतके दिवस सेंटर इंग्रजीत दिसायचं, पण मराठी नावाच्या जागी चौकोन यायचे. काल घरी बसून त्याच्यावर वाचलं होतं, आज सकाळी बदल केला आणि जमलं. "मायाक्का, वय ५८, मंगळवेढा, पोटॅशियम ७.१." काना-मात्रा सगळं बरोबर. मी ती ओळ तीनदा वाचली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

युवराज आमचं मंगळवेढ्याचं सेंटर बघतो. काल संध्याकाळी पाच वाजता त्याने दिवसाचे रिपोर्ट छापायला घेतले तेव्हा त्याला मायाक्का नावाच्या बाईचा आकडा दिसला. त्याने तिथल्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांना काही माहीत नव्हतं, त्यांच्या फोनवर मेसेज नव्हता. त्यांनी बाईला दुपारीच घरी पाठवलं होतं. युवराज मोटारसायकल घेऊन तिच्या वस्तीवर गेला. ती गोठ्यात खाली पडलेली होती. तिला सोलापुरात आणलं, रात्री डायलिसिस केलं. आज श्वास ठीक आहे म्हणतात.

डॉक्टर संगमेश यांना मी सोळा वर्षांत असं बघितलं नव्हतं. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

मी तयारीने गेलो. मायाक्काची ओळ माझ्या पडद्यावर अजून होती. तिचा प्रिंट काढला होता. तो टेबलावर ठेवून म्हणालो, "डॉक्टर, मेसेज रांगेत पावणेदोनला आला होता. हा पुरावा. मशीनने त्याचं काम केलं. पुढे पाठवायचं काम पूनमच्या प्रोग्रामचं. तिने म्हटलं मेसेज आलाच नाही, तो इथे आलेला आहे."

पूनमने कागद उचलला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मी ते नीट बघितलं, कारण मला तेच बघायचं होतं.

"सर," ती हळू म्हणाली, "हे तुम्ही कुठून घेतलं?"

"रांगेतूनच. कुठून घेणार?"

"आणि पोच दिली?"

मी म्हणालो, विषय बदलू नकोस. डॉक्टरांनी तिला थांबवलं. त्यांना हॉस्पिटलला जायचं होतं. म्हणाले, "पूनम, तू आजपासून घरी थांब. सोमवारी बघू. रावजी, तोपर्यंत सगळं तुमच्याकडे. आणि फोन परत सुरू करा."

ती बॅग घेऊन गेली. माझ्याशी भांडली नाही. ती खरी असती तर भांडली असती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी फोनवर तिचा मेसेज आला.

"सर, रागावून लिहीत नाही. एकच करून बघा. दहा खोटे मेसेज रांगेत टाका, पेशंटच्या डॉक्टरांच्या जागी स्वतःचा फोन नंबर द्या. तुमचा प्रोग्राम चालू ठेवून फोनवर किती येतात मोजा. मग तो बंद करून परत दहा टाका आणि मोजा."

तिला खोटं पाडायला म्हणून केलं. दहा मेसेज टाकले. फोन सहा वेळा वाजला. पडद्यावर चार ओळी उमटल्या.

माझा प्रोग्राम बंद केला. परत दहा टाकले. फोन दहा वेळा वाजला.

 मग सगळं पुन्हा केलं. पाच आणि पाच. बंद केल्यावर दहा. तिसऱ्यांदाही तेच.

नेटवरच्या नमुन्याचा प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचली. मी तो कधी वाचलाच नव्हता, फक्त किल्ली घालून चालवला होता. मेसेज पडद्यावर लिहिल्यानंतर खाली एकच ओळ आहे. ती पोच देते.

जे माझ्या पडद्यावर आलं ते पुढे गेलं नाही. बार्शीचं ४.२ माझ्याकडे आलं होतं. चौदा तारखेचे तीनही. मायाक्का माझ्याकडे आली होती आणि मी सही केल्यासारखी पोच दिली होती.

तिने मला दोनदा विचारलं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सिद्धेश्वरीला सांगितलं.  ती म्हणाली, "कुणाला कळेल का?"

मी म्हणालो, पूनमला कळलंय. पण तिच्याकडे पुरावा नाही. दोन्ही प्रोग्राम एकाच किल्लीने, एकाच ऑफिसच्या लाइनवरून चालत होते, तिने फोटो काढलेला मशीनचा नंबर क्लाउडला दिसत नाही. माझा प्रोग्राम मी पुसून टाकला तर काहीच उरत नाही. मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलेल्या प्रिंटवरून मेसेज मीच उचलला हे त्यांना कळणार नाही.

हे बोललो आणि माझ्याच लक्षात आलं की मी कालपासून हाच हिशेब करतोय.

सिद्धेश्वरी म्हणाली, "मी मुलांना शाळेत काय शिकवते ते मला आता आठवायचं नाही." आणि उठून आत गेली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर येण्याआधी जाऊन त्यांच्या केबिनबाहेर बसलो. आत गेल्यावर आधी लिहिलेला कागद दिला. तारखा, वेळा, किती मेसेज. मग तोंडाने सांगितलं. किल्ली चोरून घेतली हेही, दोनदा खोटं बोललो हेही, फोन बंद करायला का हो म्हणालो तेही.

त्यांनी कागद दोनदा वाचला. विचारलं, "तिला विचारायला काय झालं होतं?"

 मी म्हणालो, "मला वाटलं ती मला काढायला आलीय."

"तिने मला तीनदा फोन केले," डॉक्टर म्हणाले. "मी तुमचं काय करायचं ते ठरवत होतो, हे खरं आहे. सर हळू शिकतात पण पक्कं शिकतात, त्यांना अजून महिनाभर तरी द्या, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, ठीक आहे, देऊ."

 ते पुढे म्हणाले, "तुमच्या हातात आता सर्व्हरच्या किल्ल्या राहणार नाहीत. राहायचं असेल तर तिच्या हाताखाली राहायचं. आणि तिला मी फोन करतो, तुम्ही नाही."

तिथून बाहेर आलो. बरं वाटलं असं लिहिणार नाही. वाटलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पूनम आज आली. आल्यावर मशीन चालू केलं, सगळ्या किल्ल्या बदलल्या. सरावाची रांग वेगळी केली आणि खऱ्या रांगेला हात लावायची परवानगी फक्त तिच्या एका प्रोग्रामला ठेवली. हे आधीच करायला हवं होतं, ती माझी चूक, असं डॉक्टरांना लेखी देऊन आली. तेवढी चूक तिची होतीही. मी तिच्या जागी असतो तर ती कुणाला सांगितली नसती.

डब्याच्या वेळेला मी तिच्या टेबलाशी गेलो. म्हणालो, "पूनम, मी चुकलो. केबिनमध्ये जे बोललो ते..."

"सर," ती म्हणाली, "तुम्ही हो म्हणाला असतात तर तेरा तारखेलाच संपलं असतं. मी रागावलेसुद्धा नसते. मी स्वतः पुण्यात हीच चूक केलीय." मग म्हणाली, "घरी वडिलांना सांगितलं, लॅबमध्ये बाई मरता मरता वाचली आणि माझं नाव घेतलंय. तीन दिवस ते जेवले नाहीत नीट. ते मला विसरायला वेळ लागेल."

 तिने वही उघडून माझ्यासमोर सरकवली. पाच तारखेचं पान. "सरांना 'पोच' समजलेलं नाही. विचारायला लाजतात. वेगळ्या पद्धतीने परत सांगणे."

२ मार्च, रविवार

मायाक्काला हॉस्पिटलमधून घरी सोडलं. तिला भेटायला जा असं डॉक्टर संगमेश यांनी मला सांगितलं नव्हतं. एसटीने मंगळवेढ्याला गेलो, युवराजने मोटारसायकलवर वस्तीपर्यंत नेलं. दोन्हीकडे ज्वारी उभी होती, काही रानांत काढणी चालू होती.

मायाक्का बाहेर बाजेवर बसली होती. बारीक बाई, हातावर सुईच्या खुणा काळ्या पडलेल्या. तिचा मुलगा बिरुदेव शेळ्यांना पाला घालत होता. युवराजने ओळख करून दिली, लॅबवाले साहेब म्हणून. बिरुदेव हात जोडून म्हणाला, "तुमी लई उपकार केलं. तुमच्या माणसानं गाडी पळवली म्हणून आई हाय."

मी म्हणालो, थांबा, आधी ऐका. मग सांगितलं. रांग, पोच, क्लाउड यातलं काही न आणता सांगितलं. तुमचा रिपोर्ट धोक्याचा होता. तो डॉक्टरांकडे जायचा तो माझ्याकडे आला. माझ्या हातून पुढे गेला नाही. दुसऱ्या कुणाची चूक नाही.

बिरुदेवचा हात पाल्यातच राहिला. "म्हंजी चुकून तिकडं गेला व्हय?"

"मी तिथे नको ते जोडून ठेवलं होतं. विचारलं तर नाही म्हणालो."

 पुढचं मायाक्कानेच विचारलं. "कागूद तुमच्याकडं किती वाजता आला?"

"पावणेदोनला."

"मला चक्कर चारला आली." ती बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करत होती. "तुमी वाचला का तवा?"

"वाचला."

"माझं नाव व्हतं त्याच्यावर?"

"होतं."

"मग तुमी एक फोन करायचा की."

ती रागाने बोलली नाही. दुसरा काही मार्ग होता का, असं खरंच विचारल्यासारखं बोलली. माझ्या समोरच फोन होता. मंगळवेढ्याच्या डॉक्टरांचा नंबर तोंडपाठ आहे. ७.१ म्हणजे काय हे सोळा वर्षं मला माहीत आहे. मशीन, प्रोग्राम, पोच हे सगळं बाजूला ठेवलं तरी तो आकडा एका माणसाने वाचला होता, आणि तो माणूस मी होतो. डॉक्टरांना दिलेल्या कागदात मी हे लिहिलेलं नाही. तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

मी म्हणालो, "व्हय. करायचा होता."

बिरुदेव शेळ्यांकडे वळला. मायाक्काने आत सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. नको म्हणायला मला तोंड नव्हतं. चहा आला. शेळीचं दूध होतं, साखर जास्त होती. सगळा प्यालो.